नाव पेठेचे, गूळ कोणाचा?

उत्तर दिल्लीत रिजच्या टेकडीवर महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे आणि तिकडे सदर बाजाराजवळ बाडा हिंदूराव नावाचा मोहल्ला आहे. रोज हजारो माणसे हे नाव उच्चारतात, पण ते कागलच्या घाटग्यांचे आहे हे त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. रिजवरची ती कोठी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास बांधली. मार्च १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे ती हिंदूराव घाटगे यांनी विकत घेतली. हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचे सर्वांत अवघड ठाणे याच घरात होते आणि लढाईच्या साऱ्या वृत्तांतांत ते हिंदूरावाचा वाडा म्हणूनच येते. बांधणाऱ्याचे नाव पुसले गेले, विकत घेणाऱ्याचे राहिले. घरांच्या बाबतीत असे होते, तसे खाण्याच्या जिनसांच्या बाबतीतही होते. जिन्नस तयार करणाऱ्याचे नाव क्वचित टिकते. टिकते ते जिथे तिचा सौदा होतो त्या गावाचे. त्याचा मराठी मुलखातला सर्वांत ठळक दाखला पुन्हा कागलच्या घाटग्यांकडेच नेतो. कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा मुलगा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, शाहू छत्रपती झाला आणि त्याने १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली.

कोल्हापुरी गूळ शहरात कधीच होत नव्हता. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी, भुदरगड या भागांतल्या मळ्यांवर तो होई आणि गाड्यांतून पेठेत येई. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती, चार वर्षांनी पेठ उभी राहिली आणि पंचगंगेच्या खोऱ्यातल्या गुळाला दूरची बाजारपेठ, विशेषतः गुजरात, खुली झाली. अहमदाबादच्या व्यापाऱ्याला करवीरमधले वडणगे कुठले आणि तिथलेच बीड कुठले याच्याशी देणेघेणे नव्हते. माल कोल्हापुरात सुटला म्हणून तो कोल्हापुरी. शंभराहून अधिक वर्षे हे नाव असेच पिकत गेले आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. माझे म्हणणे असे, की ते मानांकन नावाला मिळाले, गुऱ्हाळाला मिळालेले नाही. आणि गुऱ्हाळ गेले तर नावाच्या प्रमाणपत्राचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरताच राहील. हे भाकीत नव्हे. असे दुसरीकडे होऊन गेले आहे.

दक्षिण वेल्समध्ये केरफिली नावाचे बाजारगाव आहे. गिल्बर्ट द क्लेअर या सरदाराने १२६८ मध्ये तिथे बांधायला घेतलेला, पाण्याने वेढलेला प्रचंड किल्ला आजही उभा आहे. एकोणिसाव्या शतकात या गावाच्या नावाचे चीज सर्वतोमुखी झाले. पांढरे, ठिसूळ, किंचित आंबूस, मिठाच्या पाण्यात मुरवलेले. आजूबाजूच्या शेतांवर ते होई आणि केरफिलीच्या बाजारात विकले जाई. भोवती कोळशाच्या खाणी होत्या, खाणकामगार ते डब्यात नेत. जमिनीखाली दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला खारट आणि लवकर न सुकणारे अन्न लागते, ही गरज या चीजने भागवली. त्याचा आणखी एक गुण होता आणि पुढे तोच त्याच्या मुळावर आला. चेडर मुरायला महिनोन् महिने लागतात, केरफिली दहा-पंधरा दिवसांत विकायला तयार होते. त्यामुळे इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या चेडरवाल्यांनी ते उचलले. चेडर मुरेपर्यंत हातात खेळता पैसा हवा, तो केरफिलीने मिळत होता. मग दुसरे महायुद्ध आले. सरकारने दुधावर नियंत्रण आणले आणि ते टिकाऊ, रेशनवर वाटता येईल अशा एकाच साच्याच्या चीजकडे वळवले. मऊ आणि झटपट होणाऱ्या चीजना त्यात जागा नव्हती. युद्ध संपल्यावर केरफिली परतले ते बहुतेक इंग्लंडमधल्या कारखान्यांतून. वेल्समधल्या शेतांवरची जुनी परंपरा जवळजवळ तुटली होती.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९९६ मध्ये ट्रेथोवन कुटुंबाने वेल्समधल्या आपल्या शेतावर जुन्या पद्धतीने केरफिली करायला घेतले आणि गॉर्विड या नावाने ते नावाजले गेले. हे करण्याची विद्या मात्र त्यांना सॉमरसेटमधल्या डकेट या चीजवाल्यांकडून मिळाली, कारण ती तिथेच जिवंत राहिली होती. आणि २०१४ मध्ये, म्हणजे कोल्हापुरी गुळाला मानांकन मिळाले त्याच वर्षी, ट्रेथोवन चांगल्या दुधाच्या शोधात स्वतःच सॉमरसेटला गेले. वेल्सच्या बाजारगावाचे नाव धारण करणारे सर्वांत नावाजलेले चीज आज इंग्लंडमध्ये होते. २०१८ मध्ये युरोपीय संघाने वेल्सला संरक्षण दिले खरे, पण नुसत्या ‘केरफिली’ या नावाला नाही. ते नाव तोवर कोणीही वापरावे असे झाले होते. संरक्षण मिळाले ‘पारंपरिक वेल्श केरफिली’ या तीन शब्दांच्या नावाला, वेल्समध्ये वेल्सच्याच दुधापासून केलेल्या चीजपुरते. आपल्याच गावाचे नाव परत मिळवायला आधी दोन विशेषणे जोडावी लागली.

स्टिल्टन या दुसऱ्या इंग्रजी चीजची गोष्ट याच्या उलट आहे. स्टिल्टन हे लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचे थांब्याचे गाव. तिथल्या खानावळीत ते विकले गेले म्हणून त्याचे नाव पडले. पण ते करणारे लिस्टरशर, डर्बीशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांत होते. त्यांनी वेळेवर संघटना केली, कृती लिहून काढली, नावाचा हक्क कोर्टकचेरीतून पक्का केला आणि १९९६ मध्ये युरोपीय संरक्षण मिळवले. आज खुद्द स्टिल्टन गावात ‘स्टिल्टन’ चीज करायला कायद्याने बंदी आहे, कारण ते गाव त्या तीन परगण्यांत येत नाही. गावकऱ्यांना हा अन्याय वाटतो आणि त्यात तथ्य असेलही. पण नाव पेठेचे असले तरी हक्क करणाऱ्याच्या हातात राहिला म्हणून स्टिल्टन टिकले. केरफिलीत पेठ, नाव, किल्ला सगळे राहिले आणि करणारेच पांगले.

कोल्हापूर या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने चालले आहे हे पाहायचे तर पेठेत नको, गुऱ्हाळावर जावे लागते. उसाचा रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात त्याच उसाची चिपाडे जळत असतात. रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात घालतात आणि वर येणारी मळी काढत राहतात. चुन्याची निवळी किती घालायची, जाळ केव्हा मंद करायचा, हे सारे गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या नजरेवर. पाक झाला की नाही हे तो थेंबभर पाक पाण्यात टाकून पाहतो. त्याची गोळी कशी वळते, ती कशी वाजते, यावर आधण उतरवायचे ठरते. थोडे आधी उतरले तर गूळ ढिला पडतो, थोडे उशिरा उतरले तर करपतो. मग वाफ्यात ओतून घोटायचे आणि साच्यात भरून रवे पाडायचे. कोल्हापुरातल्या ऊस व गूळ संशोधन केंद्राने को ९२००५ सारखे गुळाला चांगले असे वाण दिले, भट्ट्या सुधारल्या. हे मोलाचे काम आहे. पण गुळव्याची नजर कोणत्याही केंद्रात तयार होत नाही. ती गुऱ्हाळावरच घडते, आणि जिल्ह्यातली गुऱ्हाळे शेकड्यांनी बंद पडली आहेत.

ती का बंद पडली याचे सरळ उत्तर साखर कारखाना हे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. हिशेब मांडू. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली, म्हणजे टनाला ३,५५०. टनभर उसाचा साधारण ११० ते १२० किलो गूळ पडतो. म्हणजे किलोभर गुळात तीस ते बत्तीस रुपयांचा नुसता ऊस गेला. त्यावर गुळव्या, जाळ घालणारा जळव्या आणि गडी यांची मजुरी, वीज, पेठेपर्यंतचे भाडे, अडत, हमाली. कारखान्याला ऊस घातला तर दर कायद्याने ठरलेला, शिवाय काहिलीपाशी रात्र जागवायला नको. गुऱ्हाळ चालवणाऱ्याच्या गुळाचा दर मात्र रोजच्या सौद्यावर लटकलेला. अशा वेळी त्याच्यासमोर दोन मोह येतात. एक, काहिलीत साखर टाकायची. साखर गुळापेक्षा स्वस्त पडली की हे परवडते, शिवाय वजन वाढते, रंग फिका होतो, कणी दिसते. दुसरा, हायड्रॉस पावडर मारून गूळ पिवळाधमक करायचा. हे दोन्ही होते, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. मग दोष शेतकऱ्याचा म्हणून मोकळे व्हायचे का? सौद्यात पिवळ्या, फिकट रव्याला चढा दर आणि तांबूस रव्याला पडका दर, अशी प्रतवारी वर्षानुवर्षे पेठेनेच चालवली. नैसर्गिक गूळ थोडा काळसर-तांबूस असायचाच. त्याला शिक्षा आणि रसायनाला बक्षीस अशी पद्धत असली की प्रामाणिक गुऱ्हाळ आधी बंद पडते. हायड्रॉसने उजळलेला गूळ साठवणीत पुन्हा काळा पडतो ही त्यातली विनोदी बाजू. तोवर पैसे मात्र चुकते झालेले असतात.

शिवाय भेसळ पकडणे दिसते तितके सोपे नाही. गुळाच्या मानकात सुक्रोजचे किमान प्रमाण ठरलेले असते आणि साखर म्हणजे सुक्रोजच. साखर मिसळलेला गूळ त्या कसोटीला आणखी चांगल्या गुणांनी उतरतो! म्हणून गूळ गोदामात पोचल्यावर तपासण्यापेक्षा तो कोणत्या गुऱ्हाळातून आला याची खात्री हीच खरी तपासणी आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोल्हापूरच्या पेठेत निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडचा गूळही येतो, तो कोल्हापुरी म्हणून पुढे जातो आणि इथल्या शेतकऱ्याचा दर पाडतो, अशी तक्रार दर हंगामात होते. त्यावर ‘कर्नाटकी गूळ बंद करा’ अशी मागणी निघते. माझ्या मते ही मागणी चुकीच्या दारात उभी आहे. कागल आणि निपाणी यांच्यामधली रेघ १९५६ ची. ऊस, गुळवे आणि नातीगोती त्याआधीपासून दोन्हीकडे सारखीच आहेत, आणि भाषेच्या प्रश्नावर निपाणी आपली म्हणायची व गुळाच्या प्रश्नावर परकी, हे शोभत नाही. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आले, कारण कारागीर दोन्ही राज्यांत होते. त्याने चपलेचे काही बिघडले नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तसल्या चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा ओरड दोन्ही राज्यांतून झाली. गुळाच्या बाबतीत राग असायला हवा तो सीमेपलीकडच्या शेतकऱ्यावर नाही. कुठलाही गूळ, कसाही केलेला, केवळ बाजार समितीच्या शाहू मार्केट यार्डातून फिरवून आणला म्हणून कोल्हापुरी ठरतो, या व्यवहारावर तो हवा. निपाणीचा गूळ नीट केलेला असेल तर तो निपाणीचा म्हणून पुढे जावा, किंवा मानांकनाची हद्द वाढवून उघडपणे आत घ्यावा. चोरून आत घेतला की निपाणीचे नाव घडत नाही आणि कोल्हापूरचे झिजते.

दुसरा आक्षेप शहरी वाचकाचा. गिऱ्हाइकाला स्वस्त गूळ हवा असतो, कोणत्या गुऱ्हाळाचा हे कोण विचारतो? दिल्लीकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर तितके सोपे वाटत नाही. राजधानी क्षेत्रात २०१५ पासून मुझफ्फरनगर जिल्हाही मोडतो आणि तिथली गुळाची मंडी आशियातली सर्वांत मोठी म्हणून सांगितली जाते. तिथे गुळाचे प्रकार त्यांच्या नावांनी विकले जातात. चाकू, खुरपा, पापडी, लड्डू, रसकट. प्रत्येकाचा दर वेगळा, उपयोग वेगळा, आणि व्यापारी ते भाव रोज नावानिशी जाहीर करतात. थोडक्यात, गूळ म्हणजे गूळ असे बाजारही मानत नाही. गिऱ्हाईक भेद करते, भेदाला नाव असले पाहिजे एवढेच. आज महाराष्ट्रात गुळाच्या चहाची दुकाने गल्लोगल्ली झाली आहेत, रसायनविरहित गुळाची पावडर शहरांत चढ्या दराने खपते. पैसा आहे. तो पाकिटावर ‘कोल्हापुरी’ छापणाऱ्याकडे जातो, काहिलीपाशी उभ्या असलेल्याकडे तो पोचायला आज वाट नाही.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्र्यांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक. गुऱ्हाळ तोट्यात असेल तर बंद पडू द्या, साखरेला ऊस जाऊ द्या, धंद्यात हळहळ कशाला? हळहळ नकोच. पण बाजारात सरकारचा हात आधीच आहे. उसाचा दर केंद्र ठरवते, २०१९ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये करून तीही केंद्रानेच बांधून दिली, इथेनॉलचे दर सरकार ठरवते. एका बाजूला एवढे टेकू लावून दुसऱ्या बाजूला ‘बाजार ठरवेल’ म्हणणे हा न्याय नाही. गुळाला अनुदान द्या असे मी म्हणत नाही. प्रामाणिक गुळाला त्याची ओळख सिद्ध करण्याची सोय द्या, एवढेच म्हणतो. त्यानंतर तो बाजारात हरला तर हरला. केरफिलीचे उदाहरण इथे विसरू नये. तिथेही शेतावरचे चीज बाजारात हरले नव्हते, युद्धकाळातल्या सरकारी नियमाने त्याची जागा काढून घेतली आणि नंतर सगळ्यांना वाटले की बाजारानेच कौल दिला.

कायदा यासाठी अपुरा आहे असेही नाही. १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा २००३ पासून लागू आहे. खोटे मानांकन वापरणाऱ्याला त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण हा कायदा आपणहून चालत नाही. नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक उत्पादकाने नोंद करावी लागते, नोंदणीधारक संस्थेने लक्ष ठेवावे लागते, आणि नुसत्या नकाशावर भागत नाही, कृतीची तपासणी लागते. आपल्याकडे मानांकन मिळाले की पेढे वाटतात, पालकमंत्र्यांचा सत्कार होतो आणि फाइल बंद होते. पैठणी, हापूस, नागपुरी संत्री, सगळ्यांची ही तक्रार आहे. युरोपात अशा नावाखाली माल विकण्याआधी स्वतंत्र यंत्रणा उत्पादकाकडे जाऊन पडताळणी करते. म्हणून तिथे लहानशा शेताचे चीजसुद्धा आपल्या गावाचे नाव सांगून दाम मागू शकते.

कोल्हापूरच्या बाजार समितीला हे करणे अशक्य नाही, कारण तिच्या हातात एक गोष्ट आहे जी केरफिलीच्या हातून निसटली होती. गूळ अजून तिच्या दारातून जातो. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हापासून हंगाम सुरू. समितीने त्या दिवसापासून तीन नियम करावेत. प्रत्येक रव्यावर गुऱ्हाळाचा क्रमांक, गाव आणि आधणाची तारीख असावी. सौद्यात रंगाची प्रतवारी बंद करून रसायनविरहित गुळाचा सौदा आधी आणि वेगळा लावावा. आणि क्रमांक नसलेला गूळ विकायला पेठेत मुभा असावी, पण ‘कोल्हापुरी’ हा शब्द त्याच्या पावतीवर, पाकिटावर कुठेही नसावा. अडत्यांना सुरुवातीला हे जड जाईल. काही माल सांगलीकडे वळेल, एखादा हंगाम उलाढाल कमी दिसेल. ते सोसावे. शाहू महाराजांनी पेठ वसवली ती मळ्यातल्या गुळाला मोल मिळावे म्हणून, अडतीची टक्केवारी वाढावी म्हणून नव्हे. आणि दिल्ली-मुंबईतल्या मराठी घरांनी संक्रांतीचा गूळ घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे: हा कोणत्या गुऱ्हाळाचा? उत्तर आले नाही तर तो गूळ कोल्हापुरी म्हणून जास्त पैसे देऊन घेऊ नये.